चालू राहिलेला माईक

पुंजारामकाका एका जागी बसलेले मी फक्त रेडिओपुढे पाहिले आहेत, आणि तिथेही त्यांचा एक पाय सारखा हलत असतो. वीज खात्यात लाइनमन होते तेव्हा खांबावर चढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. निवृत्त झाले, खात्याचे खांब सुटले, तर घराच्या गच्चीवर त्यांनी स्वतःचाच एक खांब उभा केला आणि त्याच्या टोकाला अँटेना लावली. वडीगोद्रीत हायवेवरून उतरलं की आधी तो खांब दिसतो आणि मग गाव. पाहुण्यारावळ्यांना पत्ता सांगताना आम्ही सगळे तोच सांगतो.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा रेडिओ. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आपल्या केंद्राला एक सांकेतिक नाव मिळतं, त्याला कॉलसाइन म्हणतात, आणि मग घरात बसून हवेतून जगाशी बोलायचं. मोबाइल नको, टॉवर नको, रिचार्ज नको. यातलं शेवटचं माझ्या पोटावर येणारं आहे, कारण माझं बसस्टँडजवळ मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझी चूल रिचार्जवरच पेटते. तरी काकांच्या नादाला लागून मीही परवाना काढला. गोदाकाठच्या एका वस्तीवरच्या शाळेत भारत नावाचे गुरुजी आहेत, काकांच्या नात्यातले, त्यांनीही काढला. आमचे गुरू काका. त्यांची शिकवण एकच होती, आधी ऐका, मग बोला. कारण या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. तुम्ही बोलत असता तेव्हा तुमच्या सेटला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही, आणि दोघे एकदम बोलले तर ज्याचा सेट दांडगा त्याचाच आवाज पोचतो.

काकांचा सेट दांडगा होता. फक्त त्यांचा उजवा अंगठा दगा देत होता. खात्यात असताना एकदा शॉक बसला, तेव्हापासून तो वाकत नाही. माईकचं बटण फार वेळ दाबून धरता येत नाही म्हणून त्यांनी माझ्या मागे लकडा लावला, आणि मी त्यांच्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम बसवून दिला. त्याचं नाव ठेवलं ‘बोल’. लॅपटॉपच्या माईकला खोलीतला आवाज लागला की तो आपोआप सेटवरून हवेत जायचा. आवाज थांबला की सेट पुन्हा ऐकायला लागायचा. सेटमधून कुणाचा आवाज आला तर तेवढा वेळ माईक बंद राहायचा, एवढी अक्कल मी त्यात घातली होती. काका हात मागे बांधून खोलीत फेऱ्या मारत बोलायला लागले. त्यांच्या स्वभावाला ते फार मानवलं.

पण हा प्रोग्राम मागच्या मागे चालतो. पडद्यावरची चौकट मिटवली तरी तो जिवंत राहतो. थांबवायचा असेल तर नवीन चौकट उघडून, त्याचं नाव टाइप करून त्याला मर म्हणावं लागतं. हे मी काकांना इतक्या वेळा सांगितलं की माझ्या तोंडाला फेस आला. ते दर वेळी म्हणायचे, “बराबर, बराबर.” काका दोनदा बराबर म्हणाले की समजावं, यांनी ऐकलेलं नाही. जपानच्या माणसाचं खुसफुसतं बोलणं ते एका झटक्यात उचलतील, पण समोरच्याचं ऐकायचं म्हटलं की त्यांचा जीव वर-खाली होतो.

आता काकूंचं सांगायला हवं. बेबीनंदाकाकू. अंगणवाडीत सेविका होत्या, आता घरीच असतात. बोलायला मोकळ्या, पण रेडिओच्या खोलीत त्यांना बोलायची चोरी. फार वर्षांपूर्वी काका यायच्या आधी सेट तयार असावा म्हणून काकूंनी मोठ्या हौसेने बॅटरीच्या क्लिपा लावल्या, आणि लावल्या त्या उलट्या. सेट जळला. काका ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काकूंशी बोलणंच टाकलं, आणि नवा सेट आल्यावर हवेत जो भेटेल त्याला ही गोष्ट रंगवून सांगितली. त्यानंतर क्लिपा काढून त्यांनी बॅटरीची वायर नटबोल्टने कसून टाकली, आणि घरात नियम केला की त्या टेबलावरच्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. काकूंनी नियम असा पाळला की टेबलावरची धूळसुद्धा तशीच राहायची.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस हात धुऊन मागे लागला होता. पैठणच्या धरणातून पाणी सोडलं होतं, गोदावरी फुगली होती, शहागडच्या पुलाला पाणी लागायच्या बेतात होतं. पट्ट्यातली वीज गेली, तिच्या पाठोपाठ मोबाइलचे टॉवर गेले. सकाळी तहसीलमधून गाडी आली. हातातले वायरलेस घेऊन पुलावर या, नदीकाठच्या वस्त्यांशी संपर्क ठेवायचा आहे. काका तेव्हा घरच्या सेटवर भारत गुरुजींशी बोलत होते. त्यांनी लॅपटॉपवरची चौकट मिटवली, हातातला वायरलेस खिशात कोंबला आणि चपला घालत घालत माझ्या मोटरसायकलवर बसले. मी विचारलं, “काका, प्रोग्राम बंद केला न?”

“बराबर, बराबर. तू जल्दी चल.”

शहागडला पोचायला फार वेळ लागला. पोलिसांनी पूल बंद केला होता आणि अलीकडे ट्रकांची रांग वळणाच्या पलीकडे गेली होती. मोटरसायकल एका ढाब्यावर टाकून आम्ही ट्रकांच्या मधून चालत गेलो. पुलाच्या तोंडाशी रबरी बोट तयार होती, पट्टीचे पोहणारे जॅकेट घालून उभे होते, आणि नायब तहसीलदार साहेब छत्री धरून फेऱ्या मारत होते. ठरलं होतं ते असं. वस्तीवर पाणी चढलं तर भारत गुरुजींनी सगळ्यांना शाळेत गोळा करायचं आणि आम्हाला कळवायचं. शाळा नाल्याच्या अलीकडे आहे. बोट तिकडे जाईल. नाल्याच्या पलीकडे कुणी अडकलं तर बोटीला वरून, लांबच्या वाटेने जावं लागणार होतं, आणि चुकीच्या बाजूला गेलेली बोट त्या ओढीत परत वळणार नव्हती. बोट एकच होती.

काकांनी वायरलेस चालू केला आणि कानाला लावला. पहिला आवाज आला तो शेजारच्या द्वारकाबाईंचा.

“...मेथी निवडायची म्हणली की सुनंचं डोकं दुखतंय बघ.”

मी काकांकडे पाहिलं. काकांनी वायरलेस हलवून पाहिला, जसा काही तो खराब झाला होता. त्यातून आता काकूंचा आवाज आला. “अवो, पोरी शिकलेल्या हायेत. देटं खुडायला कामून बसतील?”

गावात वीज नव्हती. आभाळ गच्च भरून घरात दिवसा अंधार. काकूंच्या घरात फक्त रेडिओच्या खोलीत बॅटरीवरचा दिवा होता, म्हणून दोघी मेथी घेऊन तिथे बसल्या होत्या. आणि लॅपटॉपमध्ये ‘बोल’ जागा होता. वडीगोद्रीच्या उंच खांबावरून मेथी सगळ्या पट्ट्यात पसरत होती.

“काका,” मी म्हणालो, “तुम्ही प्रोग्राम बंद केला न्हाई.”

“केला व्हता रं. समदं मिटवून आल्तो.”

“मिटवून कुठं बंद होतो तो?”

या वेळी ते बराबर म्हणाले नाहीत.

दोघी जरा गप्प झाल्या. घरचा सेट थांबला, आणि त्या फटीतून भारत गुरुजींचा बारीक आवाज आला. मागे पाण्याचा घोष होता. “शहागड, शहागड. आम्ही शाळेत न्हाई. बोट शाळेकडं आणू नका. आम्ही समदे...” इतक्यात द्वारकाबाईंना खोकला आला. तो खोकला इतका मोठा होता की गुरुजी त्याखाली गडप झाले.

साहेब धावत आले. “शाळेत नाहीत म्हणजे कुठे आहेत? आणि या बाई कोण?”

“आमच्या घरच्या हायेत,” काका म्हणाले.

“मग त्यांना बंद करायला सांगा.”

सांगणं सोपं होतं. फोन लागत नव्हता. वडीगोद्रीला जायचं तर ट्रकांची रांग पार करून जायला हवं, तोवर पाणी थांबणार नव्हतं. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर या असं गुरुजींना सांगावं, तर ते त्यांना ऐकू जायला हवं. घरचा सेट बोलत असताना आमचं कुणाचंच कुणाला जात नव्हतं. उरली फक्त ती फट, काकू आणि द्वारकाबाई दोघी एकदम गप्प बसतील ती. दोन बायका मेथी निवडताना गप्प कधी बसतात हे सांगायला ज्योतिषी लागेल.

पुढची फट आली. काकांनी डाव्या अंगठ्याने बटण दाबलं आणि आयुष्यभराच्या सवयीने आधी स्वतःचं कॉलसाइन म्हणायला लागले. एकेक अक्षर, सावकाश, नियमाप्रमाणे. कॉलसाइन सांगितल्याशिवाय हवेत तोंड उघडायचं नाही, हा त्यांचाच धडा. ते संपून त्यांनी श्वास घेतला, आणि त्या श्वासात काकू बोलल्या.

“ह्यांचाच आवाज आला का हो?”

“सेट हाय बाई. त्यो बोलतच असतो,” द्वारकाबाई म्हणाल्या. फट मिटली.

मला त्या वेळी काकांचा राग आला, तो मी आजही लपवणार नाही. नदी समोर तांबडी होऊन धावत होती, तिच्यातून कडब्याच्या पेंढ्या आणि कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा जात होता, आणि हा माणूस आपल्याच बायकोला कॉलसाइन सांगत होता. पण दुसरं ते म्हणणार तरी काय होते? काकूंना त्यांनी नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. घरात ‘ऐकलं का’ एवढ्यावर संसार झालेला. आणि खरं तर ऐकायचं काम काकूंकडेच होतं.

वायरलेसमधून काकूंचा आवाज येतच होता. आता तो जरा खाली गेला होता.

“एक सांगते द्वारकाबाई, कुणाला बोलू नका. मी दिवाळीनंतर ज्योत्स्नाकडं चालले. पुण्याला. राह्यला.”

ज्योत्स्ना म्हणजे त्यांची मुलगी. पुलाच्या तोंडाशी वायरलेसभोवती आता साहेब, बोटवाले, दोन पोलीस आणि एक ट्रक ड्रायव्हर असे सगळे उभे होते.

“राह्यला म्हंजे?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“राह्यला म्हंजे राह्यला. हितं माझं काय काम हाय? भाकरी ह्यांनला कुठंबी भेटंल.”

“अन भाऊ? त्यांनला सांगितलं का?” द्वारकाबाई काकांना भाऊ म्हणत.

“कवा सांगू? तोंड उघडलं की हात वर करतेत, थांब म्हून. जपानचा माणूस बोलू राह्यला म्हणतेत. त्या जपानच्या माणसाच्या बायकोचं आपरेशन कवा झालं ते ह्यांनला म्हाईत. माझा गुडघा कंचा दुखतो इचारा बरं, डावा का उजवा.”

“डावा,” काका हळूच म्हणाले. बटण दाबलेलं नव्हतं. ते कुणाला सांगत होते, देव जाणे. मग क्षणभराने म्हणाले, “न्हाईतर उजवा.”

“एक डाव क्लिपा उलट्या लागल्या माझ्या हातून,” काकू म्हणत होत्या. “तर माझी चूक ह्यांनी पार जपानपस्तोर कळवली. भिंतीच्या अलीकडं पोळ्या लाटत समदं ऐकलंय म्या.”

काकांनी वायरलेस कानापासून दूर धरला. तो बंद करता येत नव्हता, गुरुजींसाठी चालू ठेवावाच लागणार होता. मी काकांचा चेहरा पाहिला आणि माझा राग उतरला. एवढ्या माणसांत आपल्या घरातलं असं उघडं पडावं, अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

द्वारकाबाईंना काय बोलावं सुचलं नसावं. आतली खोली शांत झाली. मी काकांच्या हातून वायरलेस ओढला, कॉलसाइन गेलं खड्ड्यात, आणि ओरडलो, “काकू, मी कल्याण. तुम्ही जे बोलता ते समदं हवेत येऊ राह्यलंय. भारत गुरुजी पाण्यात अडकलेत, त्यांचं आम्हाला ऐकू येईना. तो लॅपटॉप बंद करायचाय. द्वारकामावशीला गप बसवा अन तुम्ही फक्त उत्तर द्या.”

मग काकूंचा आवाज आला, एकदम बारीक. “मी न्हाई हात लावत त्याला.”

“काकू, लावा. काही होत न्हाई.”

“त्या टेबलाला हात लावायचा न्हाई, असं ह्यांनी सांगितलंय. मागं लई भोगलंय म्या. ह्यांनी सोत्ता म्हणलं पाहिजे.”

मी काकांकडे पाहिलं. दोघींनी नुसतं गप्प बसून भागणार नव्हतं, एखादं भांडं पडलं तरी ‘बोल’ने पुन्हा सेट अडवला असता. सेटचं बटण कधीचंच निकामी, आणि बॅटरी काढायला सांगावी तर ती त्यांनी नटबोल्टने कसलेली. वायर ओढायला सांगावी तर मागे वायरींचा गुंता, आणि चुकून अँटेनाची ओढली तर सेट जळायचा. एकच मार्ग होता, लॅपटॉप. काकांनी वायरलेस घेतला.

“ऐकलं का,” ते म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, “बेबीनंदा. हात लाव. मी म्हणतो.”

“बरं,” काकू म्हणाल्या. “काय दाबू?”

त्यांच्या घरात कितीतरी वर्षांनी काकांनी एखादी गोष्ट बायकोला नीट समजावून सांगितली, ती अशी, साहेब, पोलीस आणि ट्रक ड्रायव्हर यांच्यासमोर. कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाब. काळी चौकट आली का? आली. आता मी अक्षरं सांगतो, ती टाइप कर. आणि पुन्हा सवय आडवी आली. हवेत अक्षरं चुकू नयेत म्हणून आम्ही प्रत्येक अक्षराला एक ठरलेला शब्द म्हणतो. काकांनी पी म्हणायच्या जागी पापा म्हटलं आणि के म्हणायच्या जागी किलो. मी कपाळावर हात मारला. आता काकू विचारणार, किलो कशाचा?

“पापा, किलो,” काकूंचा आवाज आला. “लिहिलं. फुडं?”

काका थबकले. “तुला येतं हे?”

“भिंतीला कान हायेत, मला न्हाईत का? फुडं सांगा.”

“इंडिया. लिमा. लिमा. मंग एक जागा सोड. मंग ब्राव्हो, ऑस्कर, लिमा.”

‘बोल’ला मर म्हणायचा हुकूम तो एवढाच. एकेक कळ दाबल्याचा आवाजसुद्धा आम्हाला ऐकू येत होता. काकूंनी सगळं परत वाचून दाखवलं, बरोबर आमच्या पद्धतीने, एकेक अक्षर. मी आणि काका दोघांनी मान डोलावली, जशी काही त्यांना ती दिसणार होती.

“आता ते लांब बटण हाय न, एंटर,” काका म्हणाले. “ते दाबलं की बंद.”

“दाबते,” काकू म्हणाल्या, पण कळ वाजली नाही. “एक इचारू? आमचं समदं बोलणं तुम्ही ऐकलं?”

“ऐकलं,” काका म्हणाले.

“पुण्याचं बी?”

“पुण्याचं बी.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहून मला डोळ्यांनी दटावलं. मी काय करणार होतो? पाणी पुलाच्या कठड्याखाली आवाज करत होतं.

“मंग एवढं ऐकलं तर फुडचं बी ऐका,” काकू म्हणाल्या. “मी जाणार, पण...” आणि तिथेच थांबल्या. मग घाईघाईने म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. लेकरं पाण्यात हायेत. दाबते.”

कळ वाजली आणि आवाज तुटला. सुरीने दोरा कापावा तसा. वायरलेसमध्ये नुसती खरखर उरली. काकांचं तोंड उघडंच होतं, जसं काही ते मध्येच विचारणार होते.

त्या खरखरीतून भारत गुरुजी आले. बॅटरी संपत आली होती, आवाज कापरा झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. सकाळी काकांशी बोलणं झालं त्यानंतर शाळेत पाणी शिरलं. ते सगळे नाल्याच्या पलीकडे, स्मशानभूमीच्या शेडच्या स्लॅबवर होते. लेकरं, म्हातारी माणसं, दोन शेळ्या. साहेबांनी बोटवाल्यांना हात केला. बोट वरच्या वाटेने निघाली. काका सारखे वायरलेसवर गुरुजींना धीर देत राहिले, “आली, आली, तुमच्याकडंच निघाली,” आणि बोट दिसेनाशी झाली तरी बोलत राहिले. दुपार कलली तेव्हा पहिली खेप आली. गुरुजी शेवटच्या खेपेला आले, एका शेळीला धरून. काकांनी त्यांना मिठी मारली आणि सोडली, आणि लगेच माझ्याकडे वळले.

“चल. घरी चल.”

मोटरसायकलवर त्यांनी मला सुखाने गाडी चालवू दिली नाही. “काय म्हणणार व्हती रं ती?” पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला काय माहीत. मग पुन्हा विचारलं. “मी जाणार, पण... पणच्या फुडं काय असंल?” मी म्हटलं, घरी जाऊन त्यांनाच विचारा. “तिला इचारू?” ते असे म्हणाले, जसं काही मी त्यांना गोदावरीत उडी मारायला सांगत होतो. मग त्यांचं स्वतःशीच चालू झालं. पण सामान कसं नेऊ, असं असंल. पण ज्योत्स्नाच्या सासरकडले काय म्हणतील, असं असंल. पण ह्यांनला भाकरी कोण करंल. न्हाई, भाकरीचं तर ती म्हणलीच, कुठंबी भेटंल. गाडीच्या मागे बसूनही त्यांचा एक पाय हलत होता, तो माझ्या पोटरीला लागत होता.

घरी पोचलो तर दारात द्वारकाबाई बसल्या होत्या. आम्हाला पाहून पदर सावरून उठल्या, पण गेल्या नाहीत. काकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खुर्ची होती, काका तिच्यावर बसले. रेडिओच्या खोलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“भारत कसा हाय?” काकूंनी विचारलं.

“बरा हाय. समदे बरे हायेत.”

“चांगलं झालं,” काकू म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. उंबरा ओलांडताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. उजव्या. काकांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

आता हा माणूस विचारेल असं मला वाटलं. पण ते उठले, खिशातला वायरलेस काढून कोनाड्यात ठेवला, परत उचलला, परत ठेवला. पाऊस थांबला होता आणि पागोळ्यांचा आवाज येत होता. काका स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. सगळ्या जगाशी बोलणारा माणूस, पण त्याला पहिलं अक्षर सापडेना. बराच वेळ ते नुसते चौकटीला धरून उभे होते. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला आणि तोही थांबला.

“नको जाऊ,” काका म्हणाले.

आत कपबशी वाजली.

“बेबीनंदा, नको जाऊ तू.”

काकू आतूनच म्हणाल्या, “कल्याण, तू च्या घेशील न रे? साखर कमी का बराबर?” मी म्हणालो, बराबर. द्वारकाबाई दारात उभ्या राहून कपाळाला हात लावत होत्या. मला वाटलं, काकूंच्या दुःखाने. चहा पिऊन मी निघालो, तेव्हा काका अजून त्याच चौकटीशी उभे होते.

पुणं झालं नाही. म्हणजे काकू दिवाळीनंतर ज्योत्स्नाकडे गेल्या, पण लहानशी पिशवी घेऊन, आणि नातवाचे लाड करून परत आल्या. त्यानंतर एक दिवस द्वारकाबाई माझ्या दुकानात मोबाइलची काच बदलायला आल्या, आणि अंबडला चांगलं पातळ कुठल्या दुकानात मिळतं ते मला विचारू लागल्या.

“कुणाला घेता, मावशी?”

“बेबीनंदाला. पैज हरले न म्या.” आणि मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी एंटर दाबल्यावर काकू कितीतरी वेळ लॅपटॉपपुढे तशाच बसून होत्या. द्वारकाबाईंनी विचारलं, काय म्हणणार व्हतीस? तेव्हा काकू म्हणाल्या, “मी जाणार, पण ह्यांनी एक डाव तोंडानं नको जाऊ म्हणलं, तर न्हाई जात. मी सांगून म्हणलं तर काय उपेग? सोत्ताच्या मनानं म्हणलं पाहिजे. म्हून तर दाबलं.” द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, भाऊ म्हणतेत व्हय? जलमात न्हाई. आणि पातळाची पैज लागली होती.

काकांना हे अजून माहीत नाही. मी सांगितलेलं नाही, आणि द्वारकाबाईही सांगणार नाहीत, त्यांना त्यात पातळ घालवल्याची लाज आहे. अपुऱ्या राहिलेल्या त्या ‘पण’च्या पुढे काय होतं, याचा घोर काकांना अजून लागलेला आहे. काकूंनी बाजाराला जायला म्हणून जरी खुंटीवरची पिशवी काढली, तरी ते रेडिओसमोरून उठतात, दाराशी येतात आणि विचारतात, “कुठं निघालीस?” काकू म्हणतात, “ज्योत्स्नाकडं.” मग काका म्हणतात, “नको जाऊ.” काकू पिशवी हातात धरून ते पुरतं ऐकून घेतात आणि मग भाजी आणायला जातात. मागे सेटवर तोवर कुणीतरी काकांच्या नावाने हाका मारत असतं.